‘जा बाहेर खेळ’ म्हणायच्या आधी: अडीच ते सहा वर्षांच्या मुलांना मदतीची आणि जबाबदारीची सवय कशी लावायची

मटारचा सीझन आला की मला हे हमखास आठवतं. आपण एक किलो मटार घेऊन, खाली पेपर पसरून, टीव्हीसमोर फतकल मारून बसतो, तीन वर्षांचं लेकरू धावत येतं, मी पण मी पण करत एक शेंग ओढून घेतं, ती त्याला उघडत नाही, मग दातानं उघडायला जातं, दाणे सोफ्याखाली पळतात आणि आपण काय म्हणतो, तर ‘जा रे बाळा, तू बाहेर खेळ, मला पटकन आवरू दे’. तीच आई सहा वर्षांनी रस्त्यात भेटते आणि सांगते, ताई, नऊ वर्षांचा घोडा झालाय, स्वतःचं ताट उचलून सिंकमध्ये ठेवत नाही हो. अहो, त्याला उचलायचं होतं तेव्हा आपणच हाकललं की.

मी साताऱ्यात अकरा वर्षं बालवाडीत शिकवतेय, स्वतःची दोन मुलं पण या वयातून काढलीत, म्हणून हे लिहितेय. पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांसाठी आणि आमच्याकडे जून महिन्यात नव्यानं लागणाऱ्या ताया असतात ना, ज्यांना पहिल्या आठवड्यात रडूच येतं, त्यांच्यासाठी पण. काय करायचं आणि कुठल्या क्रमानं करायचं एवढंच सांगते.

आधी एक समजून घ्या, इच्छा आत असतेच

आपल्याला वाटतं मूल स्वार्थी असतं आणि आपण त्याला मदत करायला शिकवायचं. तसं नाहीये. २००६ साली वार्नेकेन आणि तोमासेलो या दोन संशोधकांनी दीड वर्षाच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला होता, मोठा माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो, त्याचा हात पोचत नाही, आणि मूल काय करतं ते बघायचं. बरीचशी मुलं कुणी न सांगता, बक्षिसाशिवाय, दुडूदुडू जाऊन चिमटा उचलून देत होती. दीड वर्षाची हां, ज्यांना अजून धड बोलता येत नाही ती. आणि माणसानं चिमटा मुद्दाम फेकलेला असेल तर तेवढं धावत नव्हती, म्हणजे गरज कधी आहे हेसुद्धा त्यांना कळत होतं.

तेव्हा आपलं काम निम्मं झालेलं आहे असं समजा. जे आहे ते विझवायचं नाही, बस.

पहिली पायरी: हाकलणं बंद, पण दिवसातून एकदाच

सगळा दिवस मुलाला प्रत्येक कामात घेणं कुणालाही शक्य नाही, सकाळी सातला डबा करताना तर अजिबात नाही, तिथं मी पण ‘आत्ता नको’ म्हणते आणि त्याचं मला काही वाटत नाही. दिवसातली एक वेळ ठरवा जेव्हा घाई नसते. बहुतेक घरात ती संध्याकाळी साडेसहा-सातची असते, नाहीतर रविवारी सकाळची. त्या वेळात जे काम पंधरा मिनिटांत होतं त्याला चाळीस मिनिटं लागणार हे आधीच धरून चला. घाई असताना शिकवायला गेलात तर शेवटी ओरडणं होतं आणि मुलाच्या डोक्यात ‘मदत केली की आई ओरडते’ एवढंच राहतं.

दुसरी पायरी: खरं काम द्या, खोटं नको

प्लास्टिकचा किचन सेट, खोटा झाडू, खोटी इस्त्री, सगळं असू दे खेळायला, पण मुलाला खोट्या कामाचा वास लगेच येतो. त्याला तुमचीच केरसुणी पाहिजे असते. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये सॅन लोरेंझोच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत पाणी ओतणं, झाडणं, बटणं लावणं, टेबल मांडणं ही रोजची कामं शिक्षणाचा भाग म्हणूनच आहेत. आपल्याकडे तर याला वेगळं साहित्य पण लागत नाही, प्रत्येक स्वयंपाकघरात पडलेलंच आहे.

आता कुणाला काय द्यायचं. हे ढोबळ आहे, तुमचं मूल पुढंमागं असेल, त्याचं टेन्शन घेऊ नका.

अडीच-तीनचं असेल तर एका वेळी एकच सूचना. चप्पल रॅकवर ठेव. डायपर नाहीतर ओला रुमाल बादलीत टाक. बाबाला चष्मा नेऊन दे. कोथिंबिरीची पानं तोडणं या वयाला फार आवडतं, काड्या पण येतील त्यात, येऊ द्या. मोज्यांच्या जोड्या लावणं तर माझं सगळ्यात लाडकं काम आहे, त्यात गणित पण होतं आणि शांतता पण मिळते.

साडेतीन-चारला दोन गोष्टी एकापाठोपाठ जमतात. डब्यातला चमचा काढ आणि ओट्यावर ठेव. पानं मांडताना प्रत्येकाला एक वाटी, एक फुलपात्र, किती माणसं जेवायला आहेत ते मोजून. रुमालाची घडी. कुंडीला पाणी. मेथी निवडणं, लसूण सोलणं (आधी पाकळ्या पाण्यात भिजवून ठेवा म्हणजे साल सुटते), मटार अर्थातच.

पाच-साडेपाचला एक अख्खं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत देता येतं. दप्तर भरणं, स्वतःची अंथरूण-चादर, कणकेचा गोळा घेऊन छोटी पोळी लाटणं. नकाशा होतो तो कुठल्यातरी देशाचा, पण भाजून त्याच्याच पानात वाढा.

काय द्यायचं नाही ते पण सांगते कारण नवीन लोक उत्साहात विसरतात. सुरी, गॅस, गरम पातेलं, फिनेल किंवा बाथरूम धुवायचं कसलंही लिक्विड, पाण्यानं भरलेली बादली एकट्यानं, हे नाही म्हणजे नाही. आणि मटार सोलायला बसवलंत तर शेजारीच बसा, कारण या वयाच्या मुलांना मटारचा दाणा नाकात घालून बघायची काय हौस असते देव जाणे. दाणा अडकला तर घरी चिमटा घालून काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो, सरळ डॉक्टर गाठा. शेंगदाणे, फुटाणे यांच्याबाबतीत तर जास्तच सांभाळा, लहान मुलाला ठसका लागून श्वास अडकू शकतो.

तिसरी पायरी: हळू दाखवा, तोंड कमी चालवा

नवीन ताया इथं हमखास चुकतात, मी पण चुकायचे. आपण करता करता बोलत राहतो, ‘असं धर, नाही नाही असं, बघ इकडे बघ, सांडेल हं, सांभाळून’. मुलाला एकतर हात बघता येतात नाहीतर शब्द ऐकता येतात, दोन्ही एकदम नाही.

आमच्याकडे पाणी ओतायला कसं शिकवतो ते सांगते म्हणजे अंदाज येईल. एका ताटात दोन छोटे तांबे. पहिला आठवडा पाणी नाहीच, अख्खे मूग. मी मुलाच्या शेजारी बसते, समोर नाही, म्हणजे त्याला माझा हात उलटा दिसत नाही. एक शब्द न बोलता हळू, अगदी सिनेमातल्या स्लो मोशनसारखं, एका तांब्यातले मूग दुसऱ्यात ओतते, शेवटचा दाणा पडेपर्यंत थांबते, मग खाली सांडलेले दोन दाणे चिमटीनं उचलून आत टाकते. मग तांब्या त्याच्याकडे सरकवते. एवढंच. मूग जमले की पाणी, ते पण अर्धा तांब्या, आणि पेल्याला बाहेरून लाल टेप लावलेली असते, टेपपर्यंत भरायचं. टेपमुळे ‘बास, बास!’ असं ओरडावं लागत नाही, मूल स्वतःच थांबतं.

तीन आठवड्यांत आमची साडेतीन वर्षांची पोरं जेवायच्या वेळी एकमेकांना पाणी वाढतात. पालक व्हिडिओ बघून म्हणतात, हा आमचाच ना?

चौथी पायरी: सांडणार आहे, मग पुढं काय

सांडणारच. पहिल्या दिवशी, पाचव्या दिवशी आणि जमायला लागल्यावर एकदम पन्नासाव्या दिवशी, पाहुण्यांसमोर. तेव्हा तुम्ही काय करता यावर बरंच अवलंबून असतं.

एक छोटा प्रसंग सांगते. वर्गात एका मुलाचा पेला लवंडला. चार वर्षांचा असेल. तो घाबरला नाही, रडला नाही, आरामात खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाला, ‘मावशी पुसतील’. मला आधी हसू आलं मग जरा खट्टूच झाले. पोराची काही चूक नाही, त्याच्या घरी मावशीच पुसतात. आपल्या बऱ्याच घरात आता भांड्याला, केराला मावशी येतात, त्यात वाईट काही नाही, पण मुलाला सांडणं दिसतं आणि पुसणं दिसतच नाही, तो शाळेतून येईपर्यंत सगळं चकाचक. मग त्याच्या दृष्टीनं पाणी आपोआप वाळतं किंवा ते दुसऱ्या कुणाचं तरी काम असतं.

तर उपाय साधा आहे. मुलाच्या खांद्याच्या उंचीवर एक खिळा नाहीतर चिकटवायचा हुक लावा, त्याला एक छोटं सुती फडकं टांगा, ते त्याचं फडकं. सांडलं की चेहरा वाकडा न करता एवढंच म्हणायचं, ‘सांडलं का? फडकं कुठाय?’ आणि थांबायचं. पहिल्या वेळी फडकं कसं दाबायचं, कसं पिळायचं हे दाखवा, ते पाण्यासारखंच आधी शिकवावं लागतं, मुलं फडकं नुसतं फिरवून पाणी पसरवतात. पुसून झाल्यावर टीचभर ओलं राहिलं असेल तर राहू द्या.

आणि मावशींचं आलंच आहे तर, मावशी केर काढताना पाय वर घेण्याऐवजी आपली खेळणी आधी उचलायची, त्या पाणी पितात का विचारायचं, जाताना टाटा करायचा, हे पण याच धड्यात येतं. दुसऱ्याला मदत म्हणजे काय हे मूल आपल्याच घरात, आपण मावशींशी कसं बोलतो त्यावरून शिकतं. वर्गात मुलं भातुकली खेळतात ना, तेव्हा ‘मावशी’च्या रोलमध्ये कोण कसं बोलतंय त्यावरून मला प्रत्येकाच्या घरचं कळतं. पालकांना मी सांगत नाही, पण कळतं.

पाचवी पायरी, आणि ही सगळ्यात अवघड: त्याचं झालेलं काम परत करू नका

मुलानं घडी घातली, ती वाकडी आहे, आपला हात शिवशिवतो. त्यानं पानं मांडली, वाट्या उलट्या बाजूला आहेत. आपण हसत हसत, प्रेमानंच, ती वाटी इकडची तिकडे करतो. मुलानं ते बघितलं की संपलं. त्याला कळतं की आपलं काम हे काम नव्हतंच, आई नंतर खरं काम करते. अगदीच परत करायची वेळ आली तर मूल झोपल्यावर करा, चोरून. मी केलंय, नाकारत नाही.

शाबासकी आणि ते स्टार

इथं मी स्वतः तोंडघशी पडलेय म्हणून जरा सविस्तर.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी वर्गात मोठा रंगीत तक्ता लावला, मदत केली की सोनेरी स्टार, दहा स्टार झाले की पेन्सिल. पहिला आठवडा असा गेला की मी स्वतःलाच शाबासकी दिली. मुलं धावून धावून मदत करत होती. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी पायरीवर पडली, गुडघा खरचटला, मी लांब होते, जवळ उभ्या असलेल्या मुलाला म्हटलं, अरे तिला हात दे. तो वळून मला विचारतो, ‘ताई, किती स्टार?’

त्या दिवशी तक्ता उतरवला. नंतर कधीतरी वाचनात आलं की ते चिमटेवाले दोघं संशोधक, त्यांनीच २००८ मध्ये हे पण तपासलं होतं, साधारण वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल प्रत्येक वेळी वस्तू दिली तर पुढं वस्तू बंद झाल्यावर ती मुलं कमी मदत करायला लागली, ज्यांना काहीच दिलं नव्हतं किंवा नुसतं तोंडी कौतुक केलं होतं त्यांच्यापेक्षा कमी. मला हे आधी माहीत असतं तर सोनेरी कागदाचे पैसे वाचले असते.

मग काय म्हणायचं? नुसतं ‘गुड बॉय, गुड गर्ल’ पण पोकळ असतं, दिवसातून चाळीस वेळा म्हटलं की त्याला काही अर्थच उरत नाही. जे झालं ते सांगा. ‘तू चपला लावल्यास, आता आजी अडखळणार नाही.’ ‘तू वाट्या आणल्यास म्हणून जेवण लवकर मांडून झालं.’ वाक्यात दुसरा माणूस आणा, म्हणजे आपल्या कामाचा कुणाला तरी उपयोग झाला हे मुलाला दिसतं.

‘आज मदतनीस कोण?’ असं विचारण्याची पण एक पद्धत आहे. २०१४ मधल्या एका अभ्यासात तीन ते सहा वर्षांची मुलं ‘मदत कर’ म्हणण्यापेक्षा ‘मदतनीस हो’ म्हटल्यावर जास्त पुढं येत होती. आम्ही वापरतो. पण नंतरच्या अभ्यासात दुसरी बाजू पण दिसली, मदत करताना मुलाच्या हातून घोळ झाला, समजा नेताना डबा पडला, तर ‘मदतनीस’ म्हटलेली मुलं जास्त खट्टू होतात, म्हणजे आपण मदतनीस नाहीच की काय असं त्यांना वाटतं. म्हणून सुरुवातीला, काम अजून जमत नसताना, मी साधंच म्हणते, चल मदत करू.

जबाबदारी: एक काम त्याच्या नावावर करा

मदत आणि जबाबदारी यात लोक गल्लत करतात. मदत म्हणजे कुणाला गरज दिसली आणि केलं. जबाबदारी म्हणजे ते काम माझंच आहे, मी नाही केलं तर ते तसंच पडून राहील. दुसरा भाग महत्त्वाचा आहे. मुलानं नाही केलं की आपण गुपचूप करून टाकणार असू तर ती जबाबदारी नाही, नाटक आहे.

एकच काम द्या, एकदम पाच नको. ते रोजच्या कुठल्यातरी गोष्टीला चिकटवा, ‘संध्याकाळी पाचला’ असं नको कारण घड्याळ त्याला कळत नाही. शाळेतून आलं की डबा ओट्यावर. दिवा लावायच्या आधी तुळशीला पाणी. जेवण झालं की आपलं ताट सिंकपाशी. त्या जागी चित्र लावा, वाचता येत नाही ना अजून, डब्याचा फोटो काढून ओट्यापाशी चिकटवला तरी चालतं. आणि आठवण एकदाच करा, चित्राकडे बोट दाखवून. रोज सात वेळा आठवण करावी लागत असेल तर ती जबाबदारी तुमची आहे, त्याची नाही, असा मी पालकांना चिमटा काढते.

वर्गात प्रत्येकाला एक कुंडी असते, जुन्या डब्यात लावलेली, मेथी किंवा गोकर्ण. एका पाच वर्षांच्या मुलाची गोकर्ण छान वर चढली होती, तो मामाच्या गावाला लग्नाला गेला आणि चार दिवसांत भर उन्हाळ्यात तिनं मान टाकली. मला रोज दिसत होतं. दोनदा तांब्या हातात घेतला आणि ठेवला, खरं सांगते, जिवावर आलं होतं. तो आला, बघितलं, गप्प बसला, मग डबाभर पाणी ओतलं, मग आणखी एक डबा, झाडाचा चिखल झाला. मी फक्त शेजारी जाऊन बसले, काही शिकवलं नाही. वेल पूर्ण मेली नाही, खालून एक फुटवा आला. पुढच्या महिन्यात तो परत दोन दिवस जाणार होता, तर आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलीला कुंडीपाशी उभं करून सांगत होता, ‘दोन झाकणं पाणी घालायचं. डबा नाही हां, झाकण.’ ती मान डोलवत होती, एकदम ऑफिसमध्ये चार्ज देतात घेतात तसं.

हे मी चार दिवस गुपचूप पाणी घालून कधीच शिकवू शकले नसते. अर्थात झाडावर हे चालतं. पाळलेलं मांजर, कुत्रा असेल तर मुलाच्या भरवशावर त्याला उपाशी ठेवायचं नाही, तिथं शेवटची जबाबदारी मोठ्यांचीच.

खेळणी आवरण्याबद्दल थोडक्यात: एकदम दोनशे खेळणी बाहेर असतील तर कुणीच आवरणार नाही, मी पण नाही. एका वेळी चार-पाच गोष्टी बाहेर, बाकी माळ्यावर, दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. ‘आवर सगळं’ म्हणण्याऐवजी ‘तू गाड्या, मी ठोकळे’. आणि ‘नाही आवरलंस तर फेकून देईन’ ही धमकी सोडा, तुम्ही फेकणार नाही हे त्याला तुमच्या आधी माहीत असतं.

शेअर कर, सॉरी बोल

पाहुणे येतात, त्यांचं पोर आपल्या पोराच्या नव्याकोऱ्या जेसीबीवर झडप घालतं आणि सगळे मोठे एका सुरात म्हणतात, ‘दे ना दादा त्याला, तो लहान आहे’. मला या वाक्याचा राग आहे. दादा स्वतः साडेतीनचा असतो हो! त्याच्या हातातलं ओढून घेऊन दुसऱ्याला दिलं तर तो वाटून घेणं शिकत नाही, मोठी माणसं हिसकावून घेऊ शकतात हे शिकतो.

पाहुणे यायच्या आधी विचारा, यातलं कुठलं खेळणं तुला कुणालाच द्यायचं नाही? ते कपाटात ठेवून द्या, बिनधास्त. बाकीचं सगळ्यांचं. आणि ‘शेअर’पेक्षा ‘पाळी’ या वयाला जास्त कळते. घसरगुंडीवर नंबर लावतात, तसंच. आमच्याकडे झोक्यावर वीस झोके मोजतो, उभी असलेली सगळी मुलं मिळून मोठ्यानं मोजतात, वीस झाले की बसलेला आपोआप उतरतो, बहुतेक वेळा तरी.

सॉरीचं असं आहे की तीन वर्षांच्या मुलाला सॉरी म्हणजे जादूचा मंत्र वाटतो, ढकललं, ‘शॉली’ म्हटलं, सुटलो, परत ढकललं. मी सॉरी म्हणायला लावत नाही. मी ढकलणाऱ्याला हाताला धरून पडलेल्यापाशी नेते आणि खाली बसते, ‘तिचा चेहरा बघ. तिला लागलंय. काय केलं तर तिला बरं वाटेल?’ पहिल्यांदा काही सुचत नाही, मग दोन पर्याय द्यायचे, पाणी आणतोस का फुंकर घालतोस? मनोरा पाडला असेल तर परत रचायला मदत कर. हळूहळू त्यांचं त्यांना सुचायला लागतं. एकदा एक मुलगी आईसाठी रडत होती तर आमचा एक तीन वर्षांचा गृहस्थ आपलं मळकं, वास येणारं, झोपताना गालाला लावायचं फडकं घेऊन आला आणि तिच्या तोंडावर ठेवलं. ती आणखी जोरात रडायला लागली! पण त्याला ज्यानं बरं वाटतं ते त्यानं दिलं होतं, त्याच्याकडची सगळ्यात भारी वस्तू. दुसऱ्याला वेगळं काही हवं असू शकतं हे दर वेळी लक्षात यायला या वयात वेळ लागतो, तोपर्यंत असली मदत पण मदतच धरायची.

घरातली बाकी माणसं

आजी म्हणणार, ‘एवढ्याशा पोराला कामाला जुंपलंय’. आजीशी वाद घालू नका, आजीलाच पार्टीत घ्या. वाती वळणं, दुर्वा निवडणं, शेंगा मोडणं, आजीइतका हळू आणि न कंटाळता दाखवणारा मास्तर दुसरा मिळणार नाही. गणपतीत एकवीस दुर्वांची जुडी बांधताना मुलाचे आकडे एकवीसपर्यंत पक्के होतात ते वेगळंच.

दुसरं म्हणजे मुलगा आहे म्हणून केरसुणी नको आणि मुलगी आहे म्हणून फक्त केरसुणी, हे चालणार नाही. मुलाला पोळी लाटू द्या, मुलीला बाबाबरोबर सायकलची हवा भरू द्या. आणि बाबा स्वतः ताट उचलत नसतील तर वरचं सगळं वाचून काही उपयोग नाही, सॉरी, पण मूल ऐकत नसतं, बघत असतं.

किती म्हणजे जास्त

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं, अंगणवाडीची कल्पना तिथलीच. वस्तीवरची मुलं शाळेत का येत नाहीत म्हणून बघितलं तर कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणी गुरं राखत होतं. मग त्यांनी शाळाच वस्तीवरच्या अंगणात नेली, गुरं चरतात तिथं कुरणशाळा भरवली. त्या पोरांना जबाबदारी शिकवायची गरज नव्हती, ती वयापेक्षा जास्तच होती. म्हणून मी नव्या पालकांना सांगते, मोठ्या मुलाला धाकट्याजवळ बसवून ‘जरा बघ हां याच्याकडे’ म्हणत अंघोळीला जाऊ नका. पाच वर्षांचं मूल बाळाला डायपर आणून देऊ शकतं, बाळाला सांभाळू शकत नाही. खेळ, झोप, उनाडक्या यांच्यावर जे काम येतं ते ओझं, ते काढून टाका.

नाही म्हणाला तर

म्हणणारच. पहिला महिना हौस असते, मग एक दिवस ‘मी नाही जा’. भूक लागलीय का, झोप आलीय का ते आधी बघा, दहातल्या सात वेळा तेच असतं. तसं नसेल तर ‘बरं, ताट आत्ता नेतोस का पाणी पिऊन?’ एवढी सूट द्या, काम सोडून देऊ नका आणि लेक्चर पण देऊ नका. घरात नवं बाळ आलं, शाळा बदलली, आजारी पडला, अशा वेळी जमत असलेली कामं पण मागं जातात, दोन-तीन आठवडे सोबत करा, परत येतात.

सुरुवात कशानं करू असं विचाराल तर सीझन असेल तर मटारच आणा. पहिल्या दिवशी शेंगेचं टोक तुम्ही दाबून थोडं फोडून द्या, तो अंगठा आत घालून उघडेल, दाणे कमी आणि सालं जास्त पातेल्यात पडतील. आणि एक किलोऐवजी सव्वा किलो घ्या, कारण पाव किलो सोलता सोलताच पोटात जातात, त्यातले निम्मे तुमच्या.